जुन्या ट्रेडिंग कार्ड खेळांतील मजकूर आणि नियम कसे बदलत गेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते घेऊन बसणाऱ्या मुलांमध्ये अलीकडे मेंढीकोट आणि रमीच्या जोडीला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळही आला आहे. बहुतेकांचे पत्ते पुण्याला किंवा परदेशात नोकरीला असलेल्या एखाद्या मामाने किंवा चुलतभावाने दिलेले, म्हणजे वेगवेगळ्या काळात छापलेले असतात. एकाच नावाच्या दोन पत्त्यांवर दोन निराळे मजकूर दिसतात आणि डाव बाजूला राहून वाद रंगतो. त्या वादांत पुन्हा पुन्हा निघणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्त्यांची नावे मूळ इंग्रजीच ठेवली आहेत, कारण ती तशीच बोलली जातात.

सगळी उदाहरणे ‘मॅजिक’चीच का?

कारण आज ज्याला ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात, त्या प्रकाराची सुरुवात या खेळाने झाली. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. प्रत्येक पत्त्यावर स्वतःचा निराळा नियम, आणि खेळणाऱ्याने आपला कॅट स्वतः जुळवायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. त्यामुळे शेकडो पत्त्यांवरचे शेकडो नियम एकमेकांसमोर आल्यावर काय होते, याचा अनुभव लिहिणाऱ्यांच्या गाठीशी नव्हता. पुढच्या खेळांना हा अनुभव आयता मिळाला. पोकेमॉन आणि यू-गी-ओ यांच्याविषयीचा प्रश्न पुढे घेतला आहे.

पत्त्यावर एक छापलेले आहे आणि तुम्ही दुसरेच सांगता. खरे कोणते मानायचे?

हा प्रश्न आमच्याकडे सहसा ‘पण याच्यावर तं असंच लिहून आहे ना दादा!’ या शब्दांत येतो आणि विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा असतो. तरीही उत्तर ठाम आहे: छापील मजकूर काहीही असो, त्या नावाच्या पत्त्याचा आज जो अधिकृत मजकूर आहे तोच लागू होतो. या अधिकृत मजकुराला ‘ओरॅकल’ म्हणतात आणि तो कंपनीच्या ‘गॅदरर’ या संकेतस्थळावर प्रत्येक पत्त्यासाठी पाहता येतो. आजोबांच्या पेटीतला जुना सातबारा कितीही जपून ठेवलेला असला तरी व्यवहाराच्या वेळी तलाठी आजचाच उतारा पाहतो. येथेही तोच न्याय आहे.

याचा दुसरा अर्थ असा की एकाच नावाचे १९९३ चे, १९९५ चे आणि २००९ चे तीन पत्ते खेळात अगदी एकसारखे वागतात. जुना पत्ता आहे म्हणून त्याला जास्तीचा अधिकार मिळत नाही आणि त्याचे काही कमीही होत नाही.

मग सुरुवातीचा मजकूर इतका सैल का लिहिला होता?

तो ओळखीच्या माणसांसाठी लिहिला होता म्हणून. खेळ छापण्यापूर्वी गारफिल्ड आणि त्यांच्या मित्रमंडळींनी तो हाताने केलेल्या पत्त्यांवर बराच काळ खेळून पाहिला होता. जे एकत्र बसून खेळतात, त्यांना अर्धे वाक्यही पुरते. उरलेले अर्धे सवयीने भरले जाते. या चाचणीच्या काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. पुढे ‘टाइम वॉक’ या नावाने छापल्या गेलेल्या पत्त्याच्या कच्च्या रूपावर जे वाक्य होते, त्याचा हेतू ‘प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी बुडते’ असे सांगण्याचा होता. पण तेच इंग्रजी वाक्य ‘प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो’ असेही वाचता येत होते. एका खेळाडूला ते तसेच वाटले. छापील पत्त्यावर ‘ही पाळी संपल्यावर तुम्ही आणखी एक पाळी घ्या’ अशा अर्थाचे, दुसरा अर्थ निघूच न शकणारे वाक्य आले.

माझ्या मते पुढच्या तीस वर्षांतले बहुतेक बदल याच जातीचे आहेत. लोक समजतात की कंपनीने पत्ते दुबळे किंवा बलवान करण्यासाठी मजकूर बदलला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या मनात असलेली पण कागदावर न उतरलेली गोष्ट नंतर कागदावर आणली गेली, एवढेच.

अगदी पहिल्या छपाईत सरळ चुकाही होत्या, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे. पहिल्या छपाईला ‘अल्फा’ म्हणतात. तिच्यात २९५ पत्ते होते. ‘सर्कल ऑफ प्रोटेक्शन: ब्लॅक’ आणि ‘व्होल्कॅनिक आयलंड’ हे दोन पत्ते छापायचेच राहिले. ‘ऑर्किश ऑरिफ्लेम’ चार मॅनाऐवजी (मॅना म्हणजे जमिनीच्या पत्त्यांतून मिळणारे, पत्ते खेळायला लागणारे चलन) दोनच मॅनात पडत होता, ‘एल्व्हिश आर्चर्स’चे बळ आणि सहनशक्ती यांचे आकडे उलटे छापले गेले, आणि ‘सायक्लोपियन टूम’ या पत्त्यावर किंमतच छापलेली नव्हती. त्याच वर्षी निघालेल्या ‘बीटा’ छपाईत हे दुरुस्त झाले आणि पत्त्यांची संख्या ३०२ झाली. या चुका छापखान्यातल्या आहेत. मजकुरातले खरे प्रश्न याहून खोल होते.

एखाद्या सोप्या पत्त्यावरून मजकुराचा प्रवास दाखवता येईल का?

‘लाइटनिंग बोल्ट’ घ्या. १९९३ साली त्यावर लिहिले होते की हा पत्ता एका लक्ष्यावर ३ डॅमेज करतो. लक्ष्य म्हणजे काय, हे सांगितलेले नव्हते. जमिनीच्या पत्त्यावर करता येईल का, प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या पत्त्यावर करता येईल का, असे खोडसाळ प्रश्न त्यातून निघू शकत होते. नंतरच्या छपायांत ते वाक्य ‘लक्ष्य केलेल्या प्राण्यावर किंवा खेळाडूवर ३ डॅमेज करतो’ असे झाले आणि अनेक वर्षे तसेच राहिले.

मग २००७ साली ‘प्लेन्सवॉकर’ हा नवा प्रकार आला. त्यालाही डॅमेज होऊ शकत होते, पण जुन्या शेकडो पत्त्यांवर फक्त प्राणी आणि खेळाडू यांचीच नावे होती. तेव्हा एक आडवळणाचा नियम केला गेला: खेळाडूवर जाणारे डॅमेज, तुमची इच्छा असल्यास, त्याच्या प्लेन्सवॉकरकडे वळवता येईल. पत्त्यावर न लिहिलेला हा नियम नव्या खेळाडूंना कधीच उमगत नसे. २०१८ साली ‘डॉमिनेरिया’ संचाबरोबर तो रद्द झाला आणि अशा पत्त्यांवर ‘कोणत्याही लक्ष्यावर’ असे शब्द आले. आज त्या शब्दांची नेमकी व्याख्या नियमांत दिलेली आहे: प्राणी, खेळाडू, प्लेन्सवॉकर आणि २०२३ पासून ‘बॅटल’ हा प्रकार. म्हणजे पंचवीस वर्षांनी शब्द जवळजवळ पहिल्या जागी आले; फरक एवढाच की आता त्यांच्यामागे व्याख्या उभी आहे.

‘बरी’ म्हणजे काय? माझ्या जुन्या पत्त्यावर हा शब्द आहे.

‘बरी’ म्हणजे नष्ट करा, आणि त्या प्राण्याला ‘रिजनरेट’ होऊन वाचता येणार नाही. ‘टेरर’ या पत्त्यावर हा प्रवास स्पष्ट दिसतो. पहिल्या मजकुरात म्हटले होते की हा पत्ता लक्ष्य केलेल्या प्राण्याला पुन्हा उठण्याची संधी न देता नष्ट करतो, आणि काळ्या प्राण्यांवर व आर्टिफॅक्ट (यंत्र किंवा वस्तू असलेल्या) प्राण्यांवर त्याचा परिणाम होत नाही. दुसरे वाक्य नीट वाचा: ‘परिणाम होत नाही’ म्हणजे काळ्या प्राण्याला लक्ष्य करता येते पण पत्ता वाया जातो, की मुळात लक्ष्यच करता येत नाही? हा फरक किरकोळ वाटतो, पण जेथे लक्ष्य झाल्याबरोबर दुसरा एखादा नियम चालू होतो तेथे डाव यावर फिरतो. नंतर मजकूर ‘काळा नसलेल्या, आर्टिफॅक्ट नसलेल्या प्राण्याला बरी करा’ असा आटोपशीर झाला आणि संशय संपला. पुढे ‘बरी’ हा शब्दही काढून टाकला गेला, कारण एका खास शब्दासाठी पाठ करायची व्याख्या दोन साध्या वाक्यांत पत्त्यावरच देता येत होती. तुमच्या पत्त्यावर तो असेल तर ‘नष्ट करा, रिजनरेट करता येणार नाही’ असे वाचावे.

‘समन’, ‘इंटरप्ट’, ‘मोनो आर्टिफॅक्ट’ असे प्रकार लिहिलेले पत्ते आज कसे खेळायचे?

‘समन’ लिहिलेला प्रत्येक पत्ता आता ‘क्रीचर’, म्हणजे प्राणी, आहे. ‘समन’च्या पुढे जे नाव असेल ती साधारणपणे त्याची जात, मात्र जातींची नावे नंतर बरीच बदलली असल्यामुळे ओरॅकल पाहणे बरे. (सुरुवातीच्या पत्त्यांवर माणूस ही जातच नव्हती, ती २००३ नंतर रूढ झाली आणि जुन्या पत्त्यांना मागाहून दिली गेली.) ‘इंटरप्ट’ म्हणजे आताचा ‘इन्स्टंट’, कोणाच्याही पाळीत खेळता येणारा पत्ता. ‘एन्चांट क्रीचर’ म्हणजे प्राण्यावर चिकटवायचा पत्ता, आताचा ‘ऑरा’; हा बदल २००५ सालचा आहे.

आर्टिफॅक्टचे तीन पोटप्रकार फक्त सुरुवातीच्या छपायांत दिसतात. ‘मोनो’ म्हणजे वापरताना पत्ता आडवा करायचा, म्हणून पाळीत एकदाच. ‘पॉली’ म्हणजे आडवा न करता मॅना असेल तितक्या वेळा. आणि ‘कंटिन्युअस’ म्हणजे सतत चालू. १९९४ च्या ‘रिव्हाइज्ड’ छपाईत आडवा करण्याचे चिन्ह आले आणि हे तीनही शब्द अनावश्यक झाले, कारण चिन्ह आहे की नाही यावरूनच सगळे कळते. त्याआधी ‘लानोवार एल्व्ह्ज’सारख्या पत्त्यावर ‘आडवा करून आपल्या मॅना पूलमध्ये एक हिरवा मॅना घाला, हे आडवे करणे इंटरप्ट म्हणून खेळता येते’ असा मजकूर होता. आज तेथे एक चिन्ह, एक विसर्गासारखी खूण आणि दोन-तीन शब्द आहेत. खुणेच्या आधी जे येते ती किंमत, नंतर जे येते तो परिणाम. ही एक रीत समजली की अर्धे पत्ते आपोआप वाचता येतात.

१९९९ साली असे काय झाले की सगळे जुने खेळाडू त्या वर्षाचे नाव घेतात?

त्या वर्षी ‘सिक्स्थ एडिशन’ संचाबरोबर नियमांची जवळजवळ नव्याने मांडणी झाली. जुने मॅजिक आणि नवे मॅजिक अशी रेघ कोठे ओढायची असेल तर ती येथे ओढावी.

त्याआधी वेगाच्या पायऱ्या होत्या. इन्स्टंटला इन्स्टंटने उत्तर देता येई, पण इंटरप्टला फक्त इंटरप्टनेच. ‘काउंटरस्पेल’ इंटरप्ट होता, म्हणून त्याला थांबवायचे तर हातात दुसरा इंटरप्टच हवा. चालींचा एक गठ्ठा तयार होई आणि तो एकदा उलगडू लागला की मध्ये कोणालाही काही करता येत नसे. डॅमेज झाल्यावर ते टाळण्यासाठी एक वेगळी पायरी होती, आणि त्या पायरीत फक्त डॅमेज रोखणारे किंवा प्राणी वाचवणारे पत्तेच चालत. खेळाडूचे प्राण शून्यावर आले तरी तो लगेच हरत नसे. चालू टप्पा संपेपर्यंत त्याला प्राण परत मिळवण्याची मुभा असे. प्रत्येक नियमामागे कारण होते, पण सगळे मिळून एखाद्याला समजावून सांगायला बसले की संध्याकाळ सरत असे.

१९९९ नंतर एकच व्यवस्था उरली, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. चाली एकावर एक रचल्या जातात आणि जी शेवटी आली ती आधी घडते; प्रत्येक चाल घडल्यानंतर दोघांनाही पुन्हा बोलण्याची संधी मिळते. समजा तुमच्या दोन बळाच्या आणि दोन सहनशक्तीच्या अस्वलावर मी लाइटनिंग बोल्ट टाकला. तुम्ही उत्तर म्हणून ‘जायंट ग्रोथ’ टाकून त्याला तीन-तीनने वाढवू पाहता. मी त्यावर दुसरा बोल्ट टाकतो. दुसरा बोल्ट आधी घडतो, अस्वल अजून लहानच असल्यामुळे मरते, आणि तुमच्या जायंट ग्रोथला लक्ष्यच उरत नाही. हे एकदा पत्ते मांडून दाखवले की सातवीतल्या मुलालाही कळते. आमच्याकडे नव्या माणसाला शिकवताना आम्ही सुरुवात याच उदाहरणाने करतो.

शून्य प्राण झाले की लगेच हार, हाही नियम तेव्हापासूनचा.

आडवा केलेला पत्ता ‘बंद’ असतो ना? आमच्याकडे तसेच खेळतात.

ही १९९९ पूर्वीची आठवण आहे आणि ती कोणत्या जुन्या नियमपुस्तिकेतून आपल्या भागात पोचली असेल ते असो, ती आता लागू नाही. त्या काळी आडवा झालेला कंटिन्युअस आर्टिफॅक्ट काम करणे थांबवत असे. तसेच अडवणारा प्राणी आडवा असेल तर तो डॅमेज देत नसे. दोन्ही नियम सिक्स्थ एडिशनमध्ये गेले. पण काही पत्त्यांची सगळी गंमतच त्या जुन्या नियमावर उभी होती: ‘विंटर ऑर्ब’ आणि ‘हाउलिंग माइन’ आपल्या सोयीने आडवे करून, पहिल्याचा त्रास फक्त प्रतिस्पर्ध्याला आणि दुसऱ्याचा फायदा फक्त आपल्याला व्हावा अशी व्यवस्था खेळाडू करत. म्हणून या दोन पत्त्यांच्या अधिकृत मजकुरात ‘हा पत्ता उभा असेपर्यंत’ अशा अर्थाची अट घातली गेली. नियम गेला, पण ज्या पत्त्यांना तो हवा होता त्यांच्यापुरता तो पत्त्यावर उतरला. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत नीटस बदल वाटतो.

मॅना बर्न अजून आहे का?

नाही. वापरायचा राहून गेलेला प्रत्येक मॅना टप्प्याच्या शेवटी एक प्राण नेत असे. हा नियम २००९ साली ‘मॅजिक २०१०’ संचाबरोबर रद्द झाला. आता उरलेला मॅना नुसता नाहीसा होतो.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी झाल्या. १९९९ पासून लढाईतले डॅमेजही स्टॅकवर ठेवले जात असे, त्यामुळे ‘मॉग फॅनॅटिक’सारखा प्राणी आपले डॅमेज स्टॅकवर ठेवून, ते घडण्यापूर्वी स्वतःचा बळी देऊन आणखी एक डॅमेज करू शकत होता. २००९ नंतर लढाईचे डॅमेज थेट होते आणि ही दुहेरी कमाई संपली. याविषयी जुन्या खेळाडूंत बरीच हळहळ होती, आणि मलाही वाटते की त्या नियमात कौशल्याला अधिक वाव होता. परंतु जो प्राणी मेला आहे त्याने मारलेला ठोसा नंतर कसा पोचतो, हे नवशिक्याला पटवणे अशक्य होते, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘खेळातून काढून टाकलेले’ पत्ते २००२ नंतर काही पत्त्यांच्या साहाय्याने परत आणता येऊ लागले होते, तेव्हा ते खेळातून गेलेच नव्हते, हे उघड झाले. म्हणून त्या जागेला ‘एक्झाइल’ हे स्वतंत्र नाव दिले. ‘खेळात आहे’ या शब्दांऐवजी ‘बॅटलफील्ड’, म्हणजे पट, आले. पुढे २०११ पासून ‘प्राणी बॅटलफील्डवरून ग्रेव्हयार्डमध्ये (बाद झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) जातो’ या लांब वाक्याऐवजी ‘मरतो’ एवढाच शब्द छापला जाऊ लागला, आणि २०२४ पासून ‘बॅटलफील्डवर प्रवेश करतो’ याचे नुसते ‘प्रवेश करतो’ झाले.

‘रुख एग’ हातातून टाकून दिला तर पक्षी मिळतो का?

मिळत नाही, पण छापील मजकुराप्रमाणे मिळायला हवा, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ‘अरेबियन नाइट्स’ हा संच १९९३ च्या अखेरीस आला. त्यातल्या या पत्त्यावर ‘रुख एग ग्रेव्हयार्डमध्ये गेला तर’ एवढेच लिहिले होते. कोठून गेला, हे लिहिलेले नव्हते. अंडे फुटते म्हणजे ते पटावर असताना मरते, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले. खेळाडूंनी ते हातातूनच टाकून, एक पैसा खर्च न करता चार बळाचा उडणारा पक्षी मिळवला. आजच्या मजकुरात ‘मरतो’ हा शब्द आहे आणि मरण फक्त पटावरच येते.

पैज लावून पत्ते जिंकण्याचा नियम खरोखर होता का? घरच्यांना हा जुगार वाटतो.

घरच्यांची शंका निराधार नाही, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. मूळ नियमांत ‘अँटी’ नावाची रीत होती: खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटमधला एक पत्ता न पाहता बाजूला ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही पत्ते कायमचे न्यायचे. या रीतीशी जोडलेले एकूण नऊ पत्ते छापले गेले. ‘कॉन्ट्रॅक्ट फ्रॉम बिलो’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध आणि १९९५ च्या ‘होमलँड्स’मधला ‘टिमेरियन फीन्ड्स’ शेवटच्या काहींपैकी एक. लोकांना आपले पत्ते गमावणे आवडले नाही, शिवाय अनेक ठिकाणी जुगाराच्या कायद्याची अडचण होती. रीत सोडून देण्यात आली आणि हे नऊ पत्ते अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत. आमच्या वाचनालयात पैज कोणत्याही रूपात चालत नाही, मग ती पत्त्याची असो की समोशाची.

कॅटमध्ये एकच पत्ता वीस वेळा घालता येईल का?

पहिल्या नियमपुस्तिकेप्रमाणे येत होता. कॅट किमान ४० पत्त्यांचा असावा एवढीच अट होती, कारण कोणी एकच दुर्मीळ पत्ता इतक्या वेळा विकत घेईल असे रचणाऱ्यांना वाटलेच नव्हते. १९९४ च्या आरंभी स्पर्धांसाठी किमान ६० पत्ते, एका नावाचे जास्तीत जास्त चार, आणि काही पत्त्यांवर बंदी किंवा एकाचीच मर्यादा, असे नियम झाले. मूळ जमिनींना चारची मर्यादा नाही.

पहिला हात वाईट आला तर काय करायचे?

आरंभी सातही पत्ते जमिनीचे असतील किंवा एकही जमीन नसेल तरच, हात दाखवून नवे सात घेता येत. १९९७ पासून कोणताही हात बदलता येऊ लागला, पण दर वेळी एक पत्ता कमी घेऊन. २०१५ साली कमी पत्ते घेणाऱ्याला वरचा एक पत्ता पाहून तो तसाच ठेवण्याची किंवा तळाशी घालण्याची सवलत मिळाली. २०१९ पासून दर वेळी सातच पत्ते घ्यायचे आणि जितक्या वेळा बदलले तितके पत्ते तळाशी ठेवायचे. हीच शेवटची रीत पाळावी.

‘लेजंड’चे दोन पत्ते समोरासमोर आले तर कोणता जातो?

लेजंड म्हणजे कथेत एकमेव मानलेला वीर. येथे नियम दोनदा पालटला, म्हणून घरोघरी तीन उत्तरे ऐकू येतात. १९९४ च्या ‘लेजंड्स’ संचापासून अनेक वर्षे पहिला राही आणि नंतरचा जाई; त्यामुळे जो आधी उतरवी त्याचा दोन्ही बाजूंनी फायदा होई. २००४ साली दोन्ही जाऊ लागले. त्याचा परिणाम असा झाला की लोक आपला लेजंड केवळ समोरच्याचा मारण्यासाठी कॅटमध्ये ठेवू लागले. २०१३ पासून प्रत्येक खेळाडूकडे त्याचा स्वतःचा एक असू शकतो, आणि एकाच खेळाडूकडे एकाच नावाचे दोन झाले तर त्याने स्वतः एक निवडून ठेवायचा. कथेच्या दृष्टीने एकच वीर दोन्ही सैन्यांत उभा राहतो हे विचित्र आहे, पण खेळ यानेच बरा चालतो.

‘केऑस ऑर्ब’ हवेतून खाली टाकायचा, हे खरे आहे का?

खरे आहे. किमान एक फूट उंचीवरून पत्ता पटावर सोडायचा, तो हवेत निदान एकदा पूर्ण उलटायला हवा, आणि तो ज्या पत्त्यांना स्पर्श करेल ते नष्ट. खेळाडू मग आपले पत्ते टेबलभर लांब लांब मांडू लागले. स्पर्धांत यावर बंदी आहे. फॅन चालू असताना तर प्रयत्नही करू नये.

मजकूर नेहमी आखूडच होत गेला का?

नाही. ‘अ‍ॅनिमेट डेड’ हे उलटे उदाहरण आहे. १९९३ चा मजकूर सांगत होता की कोणाच्याही ग्रेव्हयार्डमधला एक प्राणी तुमच्या बाजूने, एक बळ कमी होऊन उठतो आणि हा पत्ता निघाला की तो परत जातो. वाचणाऱ्याला काही अडत नाही. पण नियमांच्या चौकटीत प्रश्न पडतो: हा प्राण्यावर चिकटवायचा पत्ता आहे, आणि चिकटवण्याच्या क्षणी तो प्राणी पटावर नाहीच. म्हणून आजच्या मजकुरात हा पत्ता आधी ग्रेव्हयार्डमधल्या पत्त्याला चिकटतो, नंतर ती क्षमता सोडून देतो, आणि स्वतः उठवलेल्या प्राण्याला चिकटण्याची नवी क्षमता घेतो, असे सगळे पायरीपायरीने लिहिले आहे. अचूकतेची किंमत किती असते ते येथे दिसते. आम्ही मुलांना जुनाच मजकूर वाचून दाखवतो आणि नवा मजकूर वादासाठी राखून ठेवतो.

पत्ता फार बलवान झाला म्हणून त्याचा मजकूर बदलतात का?

पूर्वी काही पत्त्यांबाबत तसे केले गेले; नंतर ते धोरण सोडण्यात आले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. १९९६ चा ‘फ्लॅश’ पाहा. छापील मजकुराप्रमाणे प्राणी आधी पटावर येतो आणि उरलेली किंमत दिली नाही तर मरतो. मधल्या काळात अधिकृत मजकूर असा केला होता की किंमत न दिल्यास तो पटावर येणारच नाही. २००७ साली मूळ अर्थ परत दिला गेला. मरताना कॅटमधून दुसरे प्राणी काढून आणणारा ‘प्रोटियन हल्क’ तोवर छापला गेलेला होता; दोन्ही एकत्र आले आणि त्याच वर्षी कोलंबसच्या ग्रां प्री स्पर्धेत या जोडीने धुमाकूळ घातला. मग फ्लॅशवर बंदी आली. पत्ता जे म्हणतो ते म्हणू द्यावे आणि फारच झाले तर त्याला बाहेर ठेवावे, ही आताची रीत आहे.

‘व्हिजिलन्स’, ‘हेस्ट’, ‘डिफेंडर’ हे शब्द जुन्या पत्त्यांवर का नाहीत?

क्षमता होत्या, नावे नव्हती. ‘सेरा एंजल’वर ‘हल्ला करताना आडवी होत नाही’ असे लिहिलेले असे. २००४ साली त्याला व्हिजिलन्स हे नाव मिळाले. भिंतींनी हल्ला करू नये, हे पूर्वी पत्त्यावर नसून नियमपुस्तिकेत होते. त्याच वर्षी ते ‘डिफेंडर’ या शब्दाने पत्त्यावर आले. ‘हेस्ट’, म्हणजे उतरल्या पाळीतच हल्ला करण्याची क्षमता, हे नाव १९९९ चे. उलट ‘बँडिंग’ ही क्षमता इतकी किचकट होती की १९९७ नंतर नेहमीच्या संचांत ती नव्याने छापली गेली नाही. ‘बेनालिश हीरो’ कोणाजवळ असेल तर खेळण्यापूर्वी दोघांनी तिचा नियम एकत्र वाचावा.

पोकेमॉन आणि यू-गी-ओ यांचेही असेच झाले का?

झाले, आपापल्या चालीने. पोकेमॉनमध्ये सुरुवातीला ‘ट्रेनर’ पत्ते एका पाळीत कितीही खेळता येत, त्यामुळे ‘प्रोफेसर ओक’ आणि ‘बिल’ वापरून खेळाडू अर्धा कॅट एका पाळीत उपसत. २००२ च्या इंग्रजी संचापासून ‘सपोर्टर’ हा प्रकार आला आणि पाळीत एकच, अशी मर्यादा लागली. ‘पोकेमॉन पॉवर’ हे नाव २००२ साली दोन प्रकारांत विभागले गेले आणि २०११ साली पुन्हा एकत्र होऊन ‘अ‍ॅबिलिटी’ झाले.

यू-गी-ओचा बदल मजकुराच्या दृष्टीने अधिक शिकण्यासारखा आहे. तेथे २०११ साली विरामचिन्हांनाच अर्थ दिला गेला: अपूर्णविरामाच्या आधी चाल केव्हा करता येते ती अट, अर्धविरामाच्या आधी किंमत आणि लक्ष्य, आणि त्यानंतर प्रत्यक्ष परिणाम. आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या नकली पाकिटांतल्या पत्त्यांवर हीच चिन्हे गाळलेली किंवा चुकीची असतात. त्यांवरून चित्रे पाहावीत, नियम शिकू नयेत.

पत्ते मराठीत का नाहीत, आणि आम्ही मराठीत कसे खेळावे?

मॅजिकचे संच आजवर कोणत्याही भारतीय भाषेत छापले गेलेले नाहीत, आणि ओरॅकल मजकूर इंग्रजीतच असतो. पत्त्याचे नाव आणि क्षमतेचा खास शब्द इंग्रजीच ठेवावा, बाकी सगळे आपल्या बोलण्यात सांगावे, हा आमचा अनुभव आहे. ‘बोल्ट टाकला, तुझ्या अस्वलावर, तीन’ एवढे पुरते. मात्र लक्ष्य कोणते हे चाल करतानाच बोलून दाखवावे. मागाहून बदलू देऊ नये.

गावात नेटवर्क नीट नसते आणि वीजही जाते. अधिकृत मजकूर कोठे पाहायचा?

आपल्या कॅटमधल्या पत्त्यांचे ओरॅकल मजकूर तालुक्याला गेलात की एकदाच उतरवून किंवा छापून आणावेत. साठ पत्त्यांच्या कॅटमध्ये जमिनी आणि दुहेरी पत्ते वगळले तर वेगळी नावे थोडीच उरतात आणि ती दोन-तीन पानांत बसतात. नियमांचा सविस्तर ग्रंथ कंपनी विनामूल्य देते. तो साध्या मजकुराच्या रूपात फोनमध्ये ठेवता येतो आणि नेटवर्कशिवाय उघडतो. तो मोठा आहे. सबंध वाचायला घेऊ नये, हवा तो शब्द शोधावा. दोघांच्या कागदांत फरक निघाला तर ज्याची तारीख नंतरची, त्याचा कागद धरावा, आणि कागदच नसेल तर तेवढ्या डावापुरते दोघांनी ठरवून पुढे खेळावे व शंका वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवावी. त्या वहीतल्या शंका सुट्टीच्या अखेरीस एकत्र पाहून उत्तरे तिथेच खाली लिहिली जातात.